नाटकात काम करणारी बाई

मराठी माणूस नाटकात ‘काम’ करतो. ‘अभिनय’ हा शब्द परीक्षणात, मानपत्रात आणि शिबिरांच्या जाहिरातीत भेटतो. प्रयोग सुटल्यावर चहाच्या टपरीवर मात्र ‘तिचं काम छान झालं’ एवढंच म्हणतात. गिरणीत करतात ते काम, बँकेत करतात ते काम आणि रंगमंचावर करतात तेही कामच. ग्लेंडा जॅक्सन या इंग्लिश नटीला आपल्या भाषेची ही गंमत कुणी समजावून सांगितली असती, तर त्यात गंमत ती काय, असंच बहुधा तिनं विचारलं असतं.

तिचे वडील गवंडी. मर्सी नदीच्या एका काठाला लिव्हरपूल आणि समोरच्या काठाला बर्कनहेड. तिथे 9 मे 1936 रोजी तिचा जन्म झाला. चार बहिणींत ती थोरली. आई कधी दुकानात उभी राही, कधी लोकांकडे साफसफाईला जाई. मुलीचं नाव ग्लेंडा फॅरेल या हॉलिवूडच्या नटीवरून ठेवलं होतं. घराचा आणि सिनेमाचा संबंध म्हणाल तर एवढाच. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगी ‘बूट्स’ या औषधांच्या दुकानात कामाला लागली. दोन वर्षं तिथे काढली. संध्याकाळी हौशी मंडळींबरोबर नाटकं करायची, दिवसा गिऱ्हाइकांना औषधं द्यायची. पुढं तिच्याविषयी लिहिताना पत्रकारांना या दुकानाचा फार उमाळा यायचा. दुकानातून थेट ऑस्करपर्यंत, अशी परीकथा त्यांना हवी असे. ती स्वतः त्या दोन वर्षांकडे कधी भावुक होऊन पाहत नसे. नोकरी होती, केली.

1954 साली शिष्यवृत्ती मिळाली आणि ती लंडनच्या ‘रॉयल ॲकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट’मध्ये दाखल झाली. या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार ‘राडा’ असा होतो. मराठी कानाला तो भलताच वाटतो, पण ग्लेंडाच्या बाबतीत तो पुढं अगदीच काही चुकीचा ठरला नाही. तिथून बाहेर पडताना तिला सांगण्यात आलं, की तुझा चेहरा नायिकेचा नाही, चरित्रभूमिकांचा आहे; तेव्हा चाळिशीच्या आत फार काम मिळेल अशी आशा ठेवू नकोस. पन्नाशीच्या दशकातली इंग्लिश रंगभूमी डोळ्यांसमोर आणली तर हा सल्ला दुष्टपणाचा वाटत नाही, व्यवहाराचा वाटतो. तेव्हाच्या नाटकांत दिवाणखाना असायचा, दिवाणखान्यात चहा असायचा आणि चहा ओतायला एक गोड मुलगी लागायची. ग्लेंडाचा जबडा रुंद, गालांची हाडं वर आलेली, नजर अशी की समोरच्यानं आपोआप सावरून बसावं. आवाज खालच्या पट्टीतला, किंचित घोगरा, आणि शब्द असा तोडलेला की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही त्याची कड लागावी. या मुलीकडून चहा कोण ओतून घेणार?

मग गावोगावच्या रेपर्टरी कंपन्या आल्या. एक नाटक चालू असतानाच दुसऱ्याची तालीम, दोन नाटकांच्या मध्ये बेकारी, आणि बेकारीत मिळेल ती किरकोळ नोकरी. सहा-सात वर्षं अशी गेली.

1964 मध्ये पीटर ब्रूक भेटला. हाच तो ब्रूक, ज्यानं पुढं ‘महाभारत’ रंगमंचावर आणलं. त्या वर्षी तो रॉयल शेक्सपिअर कंपनीतल्या काही नटांना घेऊन आंतोनँ आर्तो या फ्रेंच रंगकर्मीच्या विचारांवर प्रयोग करत होता. नट छान दिसतो का, गोड बोलतो का, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. प्रेक्षकाच्या अंगावर काटा आणणारं काहीतरी त्याला हवं होतं. ‘गोड मुलगी’ नसणं हा जिथे दोष धरला जाणार नाही, अशी जागा ग्लेंडाला पहिल्यांदाच मिळाली. त्याच वर्षी पीटर वाइसचं ‘मारा/साद’ आलं. शाराँतोंच्या वेड्यांच्या इस्पितळात रुग्ण मिळून फ्रेंच राज्यक्रांतीतल्या माराच्या खुनाचं नाटक करतात आणि त्याचं दिग्दर्शन मार्की द साद करतो, अशी त्याची रचना आहे. ग्लेंडानं त्यात माराचा खून करणाऱ्या शार्लोट कोर्देचं काम केलं. नेमकं सांगायचं तर झोपेच्या आजारानं ग्रासलेल्या आणि कोर्देचं काम करणाऱ्या एका रुग्ण बाईचं काम केलं. म्हणजे एकाच वेळी दोन बायका: एक खून करायला निघालेली, दुसरीला डोळे उघडे ठेवणंही जड. सादला फटके मारण्याचा एक प्रसंग आहे. ब्रूकनं तिच्या हातात चाबूक दिलाच नाही. ती आपले लांब केस फिरवून त्याच्या उघड्या पाठीवर मारते, झोपेत असल्यासारखी, संथ. 1967 च्या चित्रपटात हा प्रसंग आजही पाहता येतो. चाबकाचा फटका पाहणाऱ्याला ओळखीचा असतो, केसांचा नसतो. म्हणून तो जास्त लागतो. नाटक न्यूयॉर्कला गेलं, गाजलं. रोज रात्री वेड्यांच्या सहवासात काढणं तिला स्वतःला मात्र मुळीच रुचलं नव्हतं, आणि हे सांगताना ती आडपडदा ठेवत नसे.

केन रसेल या दिग्दर्शकानं 1969 मध्ये डी. एच. लॉरेन्सच्या कादंबरीवर ‘विमेन इन लव्ह’ केला. त्यात ती गुड्रुन झाली. या चित्रपटाचं नाव निघालं की लोकांना दोन पुरुषांची शेकोटीसमोरची नग्न कुस्ती आठवते, पण आठवावा असा प्रसंग दुसराच आहे. लांब शिंगांची, झुलपं डोळ्यांवर आलेली स्कॉटिश गुरं माळावर उभी आहेत. गुड्रुन त्यांच्यासमोर नाचू लागते. हात पसरून, अंग मागंपुढं झुलवत ती कळपाच्या दिशेनं सरकते आणि गुरं बिचकून मागं हटतात. त्या नाचात लाडिकपणा औषधालाही नाही. गुरांना ती मोहवत नाही आणि कॅमेऱ्यालाही नाही. चित्रीकरणाच्या काळात ती गरोदर होती. या कामासाठी तिला पहिलं ऑस्कर मिळालं. समारंभाला ती गेली नाही.

1971 हे साल तिच्या कारकिर्दीत गर्दीच्या लोकलसारखं आहे. काय काय त्यात लटकलेलं आहे ते पाहावं. शेक्सपिअर कंपनीची ही नटी एकाएकी इंग्लंडच्या घराघरात पोचली ती बीबीसीच्या ‘एलिझाबेथ आर’मुळे. सहा भाग, प्रत्येक जवळजवळ दीड तासाचा. राणी पहिली एलिझाबेथ हिचं कोवळ्या राजकन्येपासून सत्तरीला टेकलेल्या म्हातारीपर्यंतचं आयुष्य. जुन्या चित्रांतलं राणीचं ते उंच, उजाड कपाळ दिसावं म्हणून ग्लेंडानं डोक्याच्या पुढच्या भागावरचे केस काढून टाकले. तेव्हा ती पस्तिशीत होती. नट्यांचं चित्रपटातलं वय ज्या काळात मोजूनमापून चालायचं, त्या काळात हे केलं. पण टक्कल ही मालिकेतली छोटी गोष्ट. पाहण्याजोगं आहे ते असं, की भागागणिक चेहऱ्यावरचा पांढरा लेप जाड होत जातो, झालरीचा गळपट्टा रुंद होत जातो, माणूस आत आत सरकत जातो, आणि शेवटी नुसते डोळे हलतात. दरबारातल्या पुरुषांकडे ते डोळे मालकिणीनं हिशेब तपासावा तसे पाहतात. पुढं ज्यूडी डेंच, केट ब्लँचेट, हेलन मिरेन यांनी हीच राणी केली आणि उत्तम केली. तरी प्रत्येकीच्या वेळी समीक्षकांनी मागं वळून ग्लेंडाकडे पाहिलंच. या मालिकेनं तिला अमेरिकेची दोन एमी पारितोषिकं दिली. त्याच वर्षी ‘मेरी, क्वीन ऑफ स्कॉट्स’ या चित्रपटात तिनं पुन्हा एलिझाबेथ केली, समोर मेरी म्हणून व्हॅनेसा रेडग्रेव्ह. जॉन श्लेसिंगरचा ‘संडे ब्लडी संडे’ही त्याच वर्षीचा. त्यात एक तरुण, त्याच्यावर प्रेम करणारी ही घटस्फोटित बाई आणि त्याच्यावरच प्रेम करणारा एक प्रौढ डॉक्टर, असा तिढा आहे. कुणी आदळआपट करत नाही. ग्लेंडा त्यात पहिल्यांदाच अशी थकलेली दिसते, की आपल्या ओळखीतली कुणी नोकरदार बाई वाटावी.

आणि एवढं सगळं करून बाई मोरकम आणि वाइज या विनोदी जोडगोळीच्या कार्यक्रमात क्लिओपात्रा होऊन गेली. शेक्सपिअरची जाणकार नटी, आणि तोंडी जाणूनबुजून मोडक्या व्याकरणाची वाक्यं! ती वाक्यं तिनं शोकांतिका बोलावी तशा गांभीर्यानं टाकली. विनोद नेमका तिथेच होता. सांगतात, की मेल्विन फ्रँक या निर्मात्यानं ते पाहिलं आणि ‘अ टच ऑफ क्लास’ या हलक्याफुलक्या चित्रपटासाठी तिला घेतलं. 1973 च्या त्या चित्रपटानं तिला दुसरं ऑस्कर मिळवून दिलं, तेव्हा त्या जोडगोळीनं तार केली: आमच्याबरोबर राहा, तिसरंही मिळवून देतो.

दुसऱ्या वेळीही ती समारंभाला गेली नव्हती. दोन्ही बाहुल्या तिनं आईकडे देऊन टाकल्या. आईनं त्या घासूनपुसून इतक्या लख्ख ठेवल्या, की वरचा सोन्याचा मुलामा निघून आतला धातू दिसू लागला. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं साफ केलेल्या बाईच्या हाती सोन्याची बाहुली आली तर ती दुसरं काय करणार?

या दुसऱ्या ऑस्करनंतरचे तिचे हॉलिवूडचे विनोदी चित्रपट मात्र आज फारसे पाहवत नाहीत. प्रेक्षकाला आवडून घेण्याची गरज जिथे नव्हती तिथे ती मोठी होती. आवडून घ्यायचं काम आलं, की साधारण. म्हणून त्या काळातली खरी ग्लेंडा शोधायची तर रंगमंचावर जावं लागतं. 1975 मध्ये इब्सेनची हेडा गॅबलर. 1978 मध्ये ब्रूकच्याच दिग्दर्शनाखाली क्लिओपात्रा, या वेळी धड व्याकरणासह. कवयित्री स्टीव्ही स्मिथवरचं ‘स्टीव्ही’ आधी नाटक म्हणून, मग चित्रपट म्हणून. 1986 मध्ये स्पेनच्या नुरिया एस्पर्तनं बसवलेलं लोर्काचं ‘द हाऊस ऑफ बर्नार्डा आल्बा’. 1989 मध्ये केन रसेलनं लॉरेन्सची ‘द रेनबो’ पडद्यावर आणली. त्यात ग्लेंडा गुड्रुनची आई झाली. गुरांपुढं नाचणाऱ्या त्या मुलीची आई, वीस वर्षांनी. पन्नाशी ओलांडलेल्या नटीला धंदा कुठं नेऊन बसवतो, हे एवढ्यावरून कळावं. ती स्वतः हे वारंवार बोलून दाखवायची, की आजच्या नाटककारांच्या नाटकाचं चाक बाईभोवती फिरत नाही. बाई कडेला असते.

1992 च्या एप्रिलमध्ये तिनं नोकरी बदलली.

हॅम्पस्टेड अँड हायगेट या उत्तर लंडनमधल्या मतदारसंघातून ती मजूर पक्षाची खासदार म्हणून निवडून आली. जागा हुजूर पक्षाची होती, ती तिनं हिसकावली. देशात मात्र तिचा पक्ष हरला. नट राजकारणात जातात हे आपल्याला नवं नाही. आपल्याकडे ते प्रचाराला येतात, हात हलवतात, सभागृहात क्वचित दिसतात आणि शूटिंगच्या तारखा सांभाळतात. ग्लेंडानं तेवीस वर्षं एकही भूमिका केली नाही. रस्ते, घरभाडं, पेन्शनची अडलेली कागदपत्रं, हेच तिचं काम झालं. 1997 ला टोनी ब्लेअरचं सरकार आल्यावर दोन वर्षं ती वाहतूक खात्यात कनिष्ठ मंत्री होती. लंडनच्या महापौरपदासाठी पक्षाची उमेदवारी मागितली, मिळाली नाही. इराकच्या युद्धावरून आपल्याच पंतप्रधानाच्या विरोधात गेली. 2010 मध्ये ती अवघ्या 42 मतांनी निवडून आली. एवढे प्रेक्षक नाटकाला आले तर आपल्याकडे प्रयोग रद्द करतात.

हाऊस ऑफ कॉमन्सविषयी ती थट्टेनं म्हणे, की तालीम कमी, प्रकाशयोजना वाईट आणि आवाज पोचत नाही असं हे नाटक आहे. एकदा मात्र तिचा आवाज पोचला. मार्गारेट थॅचर वारल्यावर 10 एप्रिल 2013 रोजी सभागृहात श्रद्धांजलीची भाषणं चालू होती. मृत व्यक्तीविषयी वाईट बोलू नये हा संकेत इंग्लंडातही पाळतात. ग्लेंडा उठली आणि त्या राजवटीत आपल्या मतदारसंघात काय पाहिलं ते सांगू लागली: वर्गाच्या भिंतीचा गिलावा मुलांनी काढलेल्या चित्रांनी आणि चिकटपट्टीनं धरून ठेवलेला, शाळेच्या ग्रंथालयात रिकामे कप्पे. गवंड्याच्या मुलीला गिलावा बरोबर दिसला. समोरच्या बाकांवरून आरडाओरडा सुरू झाला; ती थांबली नाही. पहिली महिला पंतप्रधान हे मान्य, पण आपण ज्या बायकांच्या हाताखाली वाढलो त्यांच्या मापानं ही बाई नव्हे, अशा अर्थाचं ती शेवटी बोलली. एका सदस्यानं हरकत घेतली. सभापतींनी ती फेटाळली. हे भाषण चित्रफितीत पाहताना राजकीय मतं क्षणभर बाजूला ठेवून नुसतं ऐकावं. श्वास कुठं घेतलाय, कुठला शब्द पुढं ढकललाय, गोंधळ वाढल्यावर आवाज किती थोडा चढवलाय. एकवीस वर्षं काम सोडलेल्या बाईचा हा गळा नाही. यात श्रद्धांजलीच्या प्रसंगाची मर्यादा सुटली असं कुणी म्हटलं, तर त्यातही तथ्य आहे.

2015 मध्ये तिनं खासदारकी सोडली. वय 78. लोक म्हणाले, आता बाग करील. बागेची आवड तिला होतीच. पण त्याच वर्षी बीबीसी रेडिओवर एमिल झोलाच्या कादंबऱ्यांची मोठी नाट्यमालिका झाली, त्यात आजीबाईंचा आवाज तिचा होता. आणि 2016 च्या शरदात लंडनच्या ओल्ड व्हिक रंगमंचावर डेबोरा वॉर्नरच्या दिग्दर्शनाखाली ती उभी राहिली ती राजा लिअर म्हणून. ऐंशीव्या वर्षी.

मराठी वाचकाला इथे दुसराच एक म्हातारा आठवणार. शिरवाडकरांनी ‘नटसम्राट’ लिहिलं त्यामागं लिअर होता, आणि 1970 मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी गणपतराव बेलवलकर उभे केले. आपला लिअर मुळातच नट होता. रंगभूमीवरून निवृत्त झाला, होतं नव्हतं ते मुलांना वाटून टाकलं आणि दारोदार झाला. ग्लेंडा उलट्या वाटेनं आली: रंगभूमी सोडून सार्वजनिक कामात गेलेली, तिथून निवृत्त झालेली नटी, आणि परत येऊन रंगमंचावरची पहिलीच भूमिका राज्य वाटून टाकणाऱ्या म्हाताऱ्याची. बाईनं पुरुषाचं काम केलं याचं आपल्याला अप्रूप वाटायचं कारण नाही. बालगंधर्वांच्या शालूवर दोन पिढ्या लुब्ध झाल्या होत्या. पण गंधर्व बाई ‘दिसत’. ग्लेंडानं पुरुष दिसण्याचा खटाटोपच केला नाही. दाढी नाही, आवाज मुद्दाम जाड केलेला नाही. तिचं म्हणणं असं, की खासदार असताना मतदारसंघातल्या वृद्धांच्या केंद्रांना ती भेटी द्यायची आणि तिथे तिला दिसायचं, की म्हातारपणी बाई आणि पुरुष यांच्यातली रेघ पुसट होत जाते. म्हणजे लिअरची तालीम तिनं सरकारी वेळेतच करून ठेवली होती. शिवाय ज्या नुरिया एस्पर्तनं तीस वर्षांपूर्वी तिला लोर्काच्या नाटकात दिग्दर्शित केलं होतं, ती स्वतः ऐंशीच्या घरात बार्सिलोनात लिअर करत होती. ते ग्लेंडानं जाऊन पाहिलं होतं. एका म्हातारीनं दुसरीला वाट दाखवली.

तिचं शरीर तेव्हा काटकुळं झालं होतं. पण वादळाच्या प्रवेशात आवाज कमी पडला नाही. आठवड्यातून दोन-चार मिनिटं बोलायला मिळणाऱ्या सभागृहात तेवीस वर्षं काढल्यावर बहुधा गळ्याकडे शिल्लक बरीच राहिली असावी.

पुढं सगळं घाईघाईत आल्यासारखं आलं. 2018 मध्ये ब्रॉडवेवर एडवर्ड ऑल्बीच्या ‘थ्री टॉल विमेन’मध्ये नव्वदी पार केलेली, हेकट, श्रीमंत बाई. त्यासाठी टोनी पारितोषिक मिळालं, आधी चारदा हुकलेलं. 2019 मध्ये ब्रॉडवेवरच पुन्हा लिअर, वेगळ्या दिग्दर्शकाचा, साडेतीन तासांच्या आसपास चालणारा, आठवड्याला आठ प्रयोग. ते नाटक ठरल्या मुदतीआधीच बंद झालं. त्र्याऐंशीव्या वर्षी पडलेलं नाटक पचवायलाही एक तब्येत लागते.

त्याच वर्षी डिसेंबरात बीबीसीवर ‘एलिझाबेथ इज मिसिंग’ लागलं. एमा हीली यांच्या कादंबरीवरचा हा दूरचित्रपट. यात राणी नाही. विस्मरणाच्या आजारात बुडत चाललेली मॉड नावाची म्हातारी आहे. एलिझाबेथ नावाची मैत्रीण कुठं गेली ते ती शोधते आहे आणि या शोधात साठ-सत्तर वर्षांपूर्वी नाहीशी झालेली सख्खी बहीण मिसळत जाते. मॉडच्या खिशात, पर्समध्ये चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. ती चिठ्ठी काढते, वाचते, आणि ग्लेंडाच्या चेहऱ्यावर एक निमिष असा येतो, की अक्षर आपलं आहे हे कळतंय पण लिहिणारी कोण ते कळत नाही. दया यावी असं ती काही करत नाही. उलट मॉड चिडते, लोकांच्या अंगावर जाते, नको तिथं नको ते बोलते. घरात असा आजार पाहिलेल्यांना हा चिडका स्वभाव पटकन ओळखू येईल. सिनेमातल्या गोंडस विसराळू आज्या त्यांना कधीच खऱ्या वाटलेल्या नसतात. बाफ्ताचं पारितोषिक तिला या कामासाठी मिळालं.

शेवटचा चित्रपट ‘द ग्रेट एस्केपर’. वृद्धाश्रमात राहणारा बर्नार्ड जॉर्डन हा दुसऱ्या महायुद्धातला नाविक 2014 मध्ये आश्रमाला पत्ता न लागू देता नॉर्मंडीच्या सत्तराव्या स्मृतिदिनाला निघून गेला होता, त्याची ही खरी गोष्ट. बर्नार्ड झाला मायकेल केन, त्याची बायको रीनी झाली ग्लेंडा. हे दोघं 1975 मध्ये ‘द रोमँटिक इंग्लिशवुमन’मध्ये नवरा-बायको होते, अठ्ठेचाळीस वर्षांनी पुन्हा तेच. 15 जून 2023 रोजी लंडनच्या ब्लॅकहीथमध्ये, मुलाच्या घरातल्या आपल्या खोल्यांत ती गेली. वय 87. चित्रपट ऑक्टोबरात लागला. त्यात म्हातारा समुद्र ओलांडतो, बातम्यांत झळकतो, सगळी धावपळ त्याचीच. रीनी मागं खोलीत बसलेली आहे. नवरा कुठं गेलाय हे तिला पहिल्यापासून ठाऊक आहे, आणि आश्रमातले लोक त्याला शोधत दारात येतात तेव्हा ती त्यांना दाद लागू देत नाही.